झोन १८ मिलिमीटरचा आला, आता पुढे काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: टाकळ्याच्या पानांचा मिथेनॉलमध्ये अर्क काढला, अगरच्या (बुरशी वाढवायच्या जेलीच्या) प्लेटमध्ये ८ मिलिमीटरची वेल, म्हणजे गोल खळगा, पाडली आणि तीत १०० मिग्रॅ/मिलि तीव्रतेचा १०० मायक्रोलिटर अर्क भरला. कॅन्डिडा अल्बिकन्स या बुरशीविरुद्ध १८ मिलिमीटरचा झोन, म्हणजे बुरशी न वाढलेलं वर्तुळ, मिळाला, तर फ्लुकोनॅझोल या बुरशीवरच्या औषधाच्या २५ मायक्रोग्रॅमच्या डिस्कभोवती २२ मिलिमीटरचा. अर्क औषधाच्या ८२ टक्के प्रभावी आहे असं प्रबंधात लिहावं का, आणि यातून मलम करायचं असेल तर पुढची पायरी कोणती?

८२ टक्के लिहू नका. साधा हिशेब करून पाहा. तुमच्या वेलमध्ये १०० मायक्रोलिटरमधून १० मिग्रॅ, म्हणजे १०,००० मायक्रोग्रॅम अर्क गेला. डिस्कमध्ये औषध होतं २५ मायक्रोग्रॅम. चारशे पट माल टाकूनही झोन लहानच आला. शिवाय १८ मधले ८ मिलिमीटर तर वेलचेच आहेत. अर्काने काहीच केलं नसतं तरी मोजपट्टीवर ८ दिसलेच असते. त्यातही झोनचा आकार औषधाच्या मात्रेबरोबर सरळ वाढत नाही, तो मात्रेच्या लॉगरिदमच्या चालीने वाढतो. मात्रा दुप्पट केली म्हणून झोन दुप्पट होत नाही, आणि म्हणूनच दोन झोनचा भागाकार करून टक्केवारी काढण्याला काहीच अर्थ उरत नाही.

याहून मोठी अडचण अगरमधून पसरण्याची आहे. अगर हे पाण्याने भरलेलं जाळं. पाण्यात विरघळणारे लहान रेणू त्यातून भराभर पसरतात, तेलकट रेणू वेलच्या काठाशीच अडकून बसतात. टाकळ्यातलं ज्याच्याबद्दल कुतूहल वाटावं ते क्रायसोफेनॉल आणि त्याच्या कुळातली अँथ्राक्विनोन्स पाण्यात जवळजवळ विरघळतच नाहीत. त्यामुळे तुम्हाला दिसलेला झोन त्यांचा असेलच असं नाही; टॅनिनचा असू शकतो, सॅपोनिनचा असू शकतो, किंवा नीट न उडवलेल्या मिथेनॉलचाही असू शकतो. फक्त द्रावक भरलेली वेल ठेवली होती का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. ती नसेल तर त्या प्लेटवरून कोणताच निष्कर्ष काढता येणार नाही. या पद्धतीत झोन न येणं हासुद्धा पुरावा नाही. चांगला तेलकट अर्क याच चाचणीत नापास होऊन फेकला जातो, आणि माझ्या मते झोनच्या चाचणीने होणारं सगळ्यात मोठं नुकसान हेच आहे. चाळणी लावायचीच असेल तर ब्रॉथमध्ये, म्हणजे द्रव माध्यमात, लावा.

तेव्हा खरी पहिली पायरी म्हणजे ब्रॉथ मायक्रोडायल्यूशन, म्हणजे द्रव माध्यमात अर्क टप्प्याटप्प्याने पातळ करत तपासणं, ९६ वेलच्या प्लेटमध्ये. यासाठी सीएलएसआय या अमेरिकी प्रमाणन संस्थेचं एम२७ हे यीस्टसाठी आणि एम३८ हे तंतुमय बुरशींसाठी असं प्रमाणित मार्गदर्शन आहे. युरोपात युकास्टचं वेगळं आहे. दोन्हींपैकी एक धरा आणि शेवटपर्यंत तेच पाळा, कारण दोन्हींत बुरशीची संख्या वेगवेगळी असते. एम२७ मध्ये प्रत्येक मिलिलिटरमध्ये साधारण ५०० ते २,५०० पेशी टाकतात, युकास्टमध्ये त्याच्या शंभर पट. ज्या अर्काने हजार पेशी थोपवल्या तोच लाखापुढे हात टेकतो. हा आकडा न देता छापलेली एमआयसी, म्हणजे वाढ रोखणारी किमान तीव्रता, वाचणाऱ्याच्या काहीच कामाची नसते. माध्यम आरपीएमआय १६४०, मॉप्स बफरने पीएच ७.० वर आणलेलं. बफर आवर्जून वापरा. अनेक अर्क आम्लधर्मी असतात आणि नुसत्या पीएचच्या बदलानेही बुरशीची वाढ बदलते.

अर्क डीएमएसओ या द्रावकामध्ये विरघळवा, पण अंतिम प्रमाण १ टक्क्याच्या वर जाऊ देऊ नका. म्हणजे वरची तीव्रता १,००० मायक्रोग्रॅम/मिलि हवी असेल तर स्टॉक, म्हणजे मूळ द्रावण, १०० मिग्रॅ/मिलिचा लागेल. तिथून निम्म्या-निम्म्याने दहा वेल खाली गेलात की २ मायक्रोग्रॅमपर्यंत पोहोचता. प्रत्येक प्लेटवर बुरशीची वाढ दाखवणारी वेल, निव्वळ माध्यमाची वेल, डीएमएसओची वेल आणि, हे बहुतेक जण विसरतात, प्रत्येक तीव्रतेची फक्त अर्क असलेली, बुरशी नसलेली वेल हवी. सोबत फ्लुकोनॅझोल आणि एक प्रमाणित स्ट्रेन (बुरशीचा वाण). कॅन्डिडा पॅराप्सिलोसिस एटीसीसी २२०१९ यासाठीच ठेवलेला असतो. त्याच्यावर फ्लुकोनॅझोलची एमआयसी अपेक्षित पट्ट्यात आली नाही, तर त्या दिवसाची अख्खी प्लेट रद्द समजा, तुमच्या अर्काचा आकडा कितीही देखणा आला तरी.

बुरशी नसलेल्या वेलचा आग्रह मी का धरतो ते सांगतो. सुरुवातीच्या काळात मी एका सालीचा अर्क रेझाझुरिन टाकून तपासत होतो. हा रंग निळा असतो आणि जिवंत पेशी त्याला गुलाबी करतात. माझ्या सगळ्या वेल गुलाबी झाल्या. अर्क निकामी म्हणून मी तो बाजूला ठेवला आणि पुढच्या झाडाकडे वळलो. बऱ्याच महिन्यांनी दुसऱ्याच कामासाठी तोच अर्क निर्जंतुक माध्यमात टाकला तर तेही गुलाबी झालं. रंग पेशींनी नव्हे, अर्कातल्या पॉलिफिनॉल्सनी बदलला होता. पुन्हा तपासला तेव्हा त्या अर्कात दम होता. तेव्हापासून गडद किंवा टॅनिनयुक्त अर्कासाठी मी रंगावर विसंबत नाही. वेलमधून थेंब उचलून नवीन अगरवर टाकतो आणि कॉलन्या मोजतो. वेळ जास्त जातो, पण अर्काचा रंग, गढूळपणा, तळाशी बसलेला साका यांपैकी कशानेही ती मोजणी फसत नाही.

त्याच मोजणीतून दुसरी गोष्टही हाती लागते. वाढ रोखणं वेगळं आणि बुरशी मारणं वेगळं. थेंबातून ९९.९ टक्के पेशी मेलेल्या दिसल्या ती किमान तीव्रता म्हणजे एमएफसी. ती एमआयसीच्या चौपटीच्या आत असेल तर अर्काला बुरशीनाशक म्हणण्याची पद्धत आहे, नाहीतर तो बुरशीरोधक. रोधक असणं कमीपणाचं नाही, फ्लुकोनॅझोलही कॅन्डिडावर रोधकच आहे. फक्त शीर्षकात ‘नाशक’ लिहायच्या आधी हे तपासा.

मग किती एमआयसी चांगली? कच्च्या अर्कासाठी १०० मायक्रोग्रॅम/मिलिच्या खाली आकडा आला तर पुढे जाण्यात अर्थ आहे, असा या क्षेत्रात साधारण संकेत आहे. १,००० च्या वरच्या आकड्याला मी क्रियाशीलता म्हणत नाही. तुलनेसाठी, सीएलएसआयच्या निकषांत कॅन्डिडा अल्बिकन्स फ्लुकोनॅझोलला संवेदनशील ठरते ती २ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून कमी एमआयसीला. कच्चा अर्क शेकडो रेणूंची खिचडी असतो, त्यामुळे त्याचा आकडा शुद्ध औषधाशेजारी ठेवून निराश होऊ नका. पण १० मिग्रॅला झोन आला म्हणून हुरळूनही जाऊ नका.

आता तुमच्या प्रश्नात मला सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट. टाकळ्याचं संस्कृत नावच चक्रमर्द, आणि दुसरं दद्रुघ्न. हे झाड ज्यावर वापरलं गेलं तो रोग गजकर्ण, नायटा. तो करणाऱ्या बुरशी म्हणजे डर्मॅटोफाइट्स: ट्रायकोफायटॉन रुब्रम, ट्रायकोफायटॉन मेंटाग्रोफायटिस आणि त्यांचे भाऊबंद. तुम्ही तपासली कॅन्डिडा. ती यीस्ट आहे, ओलसर जागी आणि श्लेष्मल त्वचेवर राहते. डर्मॅटोफाइट केराटिन खाऊन जगतो. एकीला लागू पडणारं दुसरीला पडेलच असं नाही. कॅन्डिडा सोयीची आहे हे मी जाणतो: २४ तासांत निकाल, हाताळायला सोपी. पण झाडाच्या नावातच प्रश्न दिलेला असताना उत्तर भलत्याच बुरशीला विचारायचं, हे मला पटत नाही.

डर्मॅटोफाइटची चाचणी एम३८ प्रमाणे करा. बीजाणू मिलिलिटरला १,००० ते ३,०००, तापमान ३५ अंश, साधारण चार दिवस. रुब्रमला नेहमीच्या अगरवर बीजाणू धरत नाहीत, ओटमील अगरवर धरतात; हे माहीत नसल्याने कित्येक जण तंतूंचे तुकडे करून वापरतात आणि मग दर वेळी वेगळा आकडा येतो. तुलनेला टर्बिनाफिन हे बुरशीवरचं औषध घ्या. संवेदनशील स्ट्रेनवर त्याची एमआयसी सहसा ०.१ मायक्रोग्रॅमच्याही खाली असते. जमलं तर ट्रायकोफायटॉन इंडोटिनीचे एक-दोन आयसोलेट (रुग्णांकडून वेगळे केलेले नमुने) मिळवा. २०२० मध्ये ही प्रजाती वेगळी म्हणून नोंदवली गेली, आणि स्क्वालीन इपॉक्सिडेज या एन्झाइमच्या जनुकातल्या बदलांमुळे तिचे अनेक स्ट्रेन टर्बिनाफिनला दाद देत नाहीत. वनस्पतीच्या अर्कांवर आज वेळ घालवावा तो अशा बुरशींसाठी. जिथे जुनी औषधं चालतात तिथे त्यांना हरवणं अवघड आहे आणि फारसं गरजेचंही नाही.

आणि पानांबरोबर बियाही घ्या. टाकळ्याच्या बियांत क्रायसोफेनॉलचं अँथ्रोन रूप सापडतं, आणि त्यामागे मोठा इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकात ‘गोवा पावडर’ नावाचं एक औषध नायट्यासाठी प्रसिद्ध होतं. नाव गोव्याचं असलं तरी ती मूळची ब्राझीलच्या अँडिरा अरारोबा या झाडाची, पोर्तुगीजांच्या व्यापारातून पूर्वेला आलेली. तिच्यातला क्रायसारोबिन हा पदार्थ मुख्यतः क्रायसोफेनॉल अँथ्रोनच. लंडनमध्ये १८७० च्या दशकात तीच पावडर सोरायसिसवर चालते हे लक्षात आलं आणि पुढे १९१६ मध्ये त्या रेणूच्या धर्तीवर डिथ्रॅनॉल हे सोरायसिसचं औषध तयार झालं. म्हणजे तुमच्या झाडातला रेणू कुणा ऐऱ्यागैऱ्या कुळातला नाही. पण दोन गोष्टी सोबत येतात. अँथ्रोन हवेत ऑक्सिडाइज होतं, तेव्हा अर्क उघड्यावर सुकवला किंवा महिनाभर बाटलीत ठेवला तर तपासता तो वेगळाच पदार्थ. आणि क्रायसारोबिन त्वचेला झोंबतं, डाग पाडतं. डिथ्रॅनॉलची तक्रारही तीच.

इथे विषारीपणाकडे वळतो. हा भाग प्रबंधांत शेवटच्या परिच्छेदात उरकला जातो, खरं तर तो एमआयसीच्या शेजारच्याच स्तंभात हवा. जिवाणूंपेक्षा बुरशीवरची औषधं शोधणं कठीण, कारण बुरशीची पेशी आपल्या पेशीच्या बरीच जवळची आहे. तिच्या पटलात अर्गोस्टेरॉल, आपल्यात कोलेस्टेरॉल, आणि तिला ग्लुकानची भिंत: मुख्य फरक एवढेच, आणि बहुतेक औषधं याच फटींतून आत शिरतात. जो अर्क सरसकट पटलं फाडतो तो बुरशी मारेल आणि त्वचाही सोलेल. चित्रकाच्या मुळातलं प्लंबॅगिन हे याचं ठळक उदाहरण. बुरशीवर जोरदार, आणि त्वचेवर फोड आणणारं. म्हणून अर्क ज्या दिवशी एमआयसीला बसवाल त्याच आठवड्यात तांबड्या पेशींवर हिमोलायसिस, म्हणजे त्या फुटतात का ते, पाहा. स्वस्त आणि दोन तासांचं काम आहे, सॅपोनिनवाले अर्क तिथेच उघडे पडतात. नंतर त्वचेच्या हाकॅट पेशींवर चाचणी. पेशी निम्म्यावर आणणारी तीव्रता भागिले एमआयसी, हा निवडकतेचा निर्देशांक. तो १ च्या आसपास असेल तर तुमच्या हाती औषध नाही, विष आहे. १० च्या वर असेल तर मी पुढे जाईन. पेशींची चाचणी एमटीटी या रंगाने करत असाल तर रेझाझुरिनचाच धोका तिथे उलटा होतो: अर्क स्वतःच रंग बदलतो, मेलेल्या पेशी जिवंत भासतात आणि विषारी अर्क निर्धोक ठरतो. इथे तर बुरशीविरहित वेलइतकीच पेशीविरहित वेल महत्त्वाची.

टॅनिनबद्दल स्वतंत्र बोलायला हवं. टॅनिन प्रथिनांना चिकटतं, लोह धरून ठेवतं, एन्झाइमं गोठवतं. त्यामुळे जवळजवळ कुठल्याही चाचणीत ते ‘क्रियाशील’ दिसतं. त्वचेवर किंवा रक्तात प्रथिनं भरपूर. तिथे गेलं की ते त्यांनाच चिकटून बसतं आणि बुरशीपर्यंत पोहोचतच नाही. याची परीक्षा सोपी आहे. माध्यमात थोडं अल्ब्युमिन घालून एमआयसी पुन्हा काढा. आकडा आठ-सोळा पटींनी चढला तर तुम्ही टॅनिन मोजत होतात. हळदीतल्या कर्क्युमिनवर अशाच कारणांनी अनेक चाचण्या खोटं बोलतात. ते प्रकाशात तुटतं, पाण्यात साका धरतं, प्रथिनांना चिकटतं. नाव मोठं म्हणून सवलत देऊ नका.

हे सगळं पार झालं तरच अर्काच्या आत शिरा. मी हेक्झेन, इथाइल ॲसिटेट, मिथेनॉल, पाणी अशा चढत्या ध्रुवीयतेने अर्क काढतो, कारण मग क्रियाशीलता कुठल्या टोपलीत पडली ते लगेच कळतं. टीएलसी (घटक वेगळे करणाऱ्या पातळ थराच्या) प्लेटवर अर्क चालवून तिच्यावर बुरशीच्या बीजाणूंचं निलंबन फवारलं, की जिथे वाढ होत नाही तो पट्टा आपला. या बायोऑटोग्राफीला फार सामग्री लागत नाही आणि विद्यार्थ्याला पहिल्यांदाच ‘हा रेणू काम करतोय’ असं डोळ्यांनी दिसतं. तो क्षण मला अजूनही आवडतो. पुढे शुद्ध करत जाताना क्रियाशीलता नाहीशी झाली तर घाबरू नका, पण ‘सिनर्जी’, म्हणजे घटक मिळूनच काम करतात, असं म्हणून मोकळेही होऊ नका. आधी रेणू तुटला का पाहा. मगच चेकरबोर्ड, म्हणजे दोन पदार्थांच्या वेगवेगळ्या तीव्रतांच्या जोड्यांची प्लेट, मांडा. तिच्यातून निघणारा एफआयसी निर्देशांक ०.५ किंवा खाली आला तरच सिनर्जी म्हणा. ०.५ ते ४ मध्ये काहीच परस्परक्रिया नाही असं धरतात, ‘अंशतः सिनर्जी’ हा शब्द टाळा. अर्क फ्लुकोनॅझोलबरोबर लावून पाहणं मात्र जरूर करा.

झाडाची ओळख हा पाया, त्यावर थोडक्यात: वनस्पतिशास्त्रज्ञाकडून ओळख पटवून नमुना हर्बेरियममध्ये जमा करा आणि त्याचा क्रमांक लिहा. टाकळा आणि त्याच्यासारखी दिसणारी सेन्ना ऑब्ट्युसिफोलिया यांत घोळ नेहमी होतो. निदान तीन वेगवेगळ्या खेपांचे अर्क काढा आणि त्यांतले घटक दाखवणारा एचपीएलसीचा आलेख जोडा. एकाच खेपेवरचा निकाल त्या पोत्यापुरताच खरा. शिवाय झाडाच्या आत राहणाऱ्या बुरशी, एन्डोफाइट्स, स्वतःही औषधं बनवतात. एन्फुमाफंगिन हा रेणू जुनिपरच्या पानांत राहणाऱ्या हॉर्मोनेमा बुरशीकडून मिळाला आणि त्यापासून बनलेल्या इब्रेक्साफंगर्प या बुरशीवरच्या औषधाला २०२१ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली. निस्टॅटिन आणि ॲम्फोटेरिसिन बी स्ट्रेप्टोमायसिसकडून आली, ग्रिसिओफल्विन पेनिसिलियमकडून. शरीरात खोलवरच्या बुरशीसंसर्गावर आज वापरात असलेलं एकही औषध झाडाच्या अर्कातून आलेलं नाही. म्हणून त्वचेचा रोग निवडलात हे उत्तम केलंत. वनस्पतींना खरी संधी तिथेच आहे.

आता मलम. प्लेटवरचं यश त्वचेवर उतरतं का, याचा चांगला धडा टी ट्री तेलाने दिलाय. १९९२ मधल्या एका चाचणीत पायाच्या नायट्याच्या १०४ रुग्णांना १० टक्के टी ट्री तेलाचं क्रीम, टोलनाफ्टेट हे बुरशीवरचं औषध किंवा प्लासिबो (औषध नसलेलं क्रीम) दिलं. तेलाने खाज आणि सालपटं कमी झाली, टोलनाफ्टेटइतकीच. पण कल्चर नकारात्मक झालं, म्हणजे नमुन्यातून बुरशी वाढली नाही, ते टोलनाफ्टेटने ८५ टक्के रुग्णांत, तेलाने ३० टक्क्यांत आणि प्लासिबोने २१ टक्क्यांत. म्हणजे रुग्णाला बरं वाटलं आणि बुरशी जिथल्या तिथे राहिली. दहा वर्षांनी तेच तेल २५ आणि ५० टक्के तीव्रतेने तपासलं तेव्हा ते प्लासिबोपेक्षा सरस ठरलं, पण काहींना त्वचादाहही झाला. लक्षणं आणि कल्चर वेगवेगळी मोजली नसती तर पहिल्या चाचणीतून उलटाच निष्कर्ष निघाला असता. तुमच्याही अर्काची उद्या कुणावर चाचणी झालीच, तर नैतिक समितीची परवानगी घेऊन, प्लासिबोसह, आणि कल्चर करूनच व्हावी. तोवर घरच्या कुणाच्या नायट्यावर तो लावून पाहू नका. तुमच्या अर्कात उरलेलं मिथेनॉल किती, हेही अजून कुणी मोजलेलं नाही.

प्रबंधाला किती वेळ उरलाय ते तुम्ही लिहिलं नाहीत. सहा महिने असतील असं धरून मी हा क्रम लावेन: बियांचा आणि पानांचा नवा अर्क, या वेळी इथेनॉलमध्ये, प्रकाशापासून जपून, रुब्रम आणि मेंटाग्रोफायटिसवर एम३८ ने एमआयसी, तीन स्वतंत्र दिवशी, अल्ब्युमिनसह आणि अल्ब्युमिनविना, त्याच आठवड्यात हिमोलायसिस, मग बायोऑटोग्राफी. झोनची प्लेट परिशिष्टात ठेवा, द्रावकाच्या वेलसकट पुन्हा करून. एमआयसी ५०० च्या वर आली तर तसंच लिहा. तो निकालही पुढच्या माणसाचे सहा महिने वाचवतो, आणि मी परीक्षक असेन तर अशा प्रबंधाला ८२ टक्क्यांच्या प्रबंधापेक्षा जास्त गुण देईन.